स्मृतिव्याख्यान कुणासाठी, कुठे आणि किती वाजता?

आपल्या निवासी शाळेच्या वतीने दरवर्षी एक स्मृतिव्याख्यानमाला सुरू करावी, असा विचार गेल्या काही महिन्यांपासून संस्थेचे पदाधिकारी, माजी विद्यार्थी आणि आम्ही शिक्षक यांच्यात चालू आहे. विचार स्तुत्य आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु या विषयावर आजवर जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरली : व्याख्यानमालेला नाव कोणाचे द्यायचे? नावाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारल्याशिवाय आपण पुढे जाऊ नये, असे मला नम्रपणे वाटते. हे व्याख्यान कुणासाठी? ते कुठे व्हावे? आणि किती वाजता? हे प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचे वाटतात. मंडप, सतरंज्या, ध्वनिक्षेपक यांच्या यादीत ते सहज विरून जातात. पण ते व्यवस्थापनाचे नसून विचारांचे प्रश्न आहेत, हे या लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे. स्मरणिकेइतके त्यासाठी दुसरे योग्य स्थान नाही, कारण स्मरण कसे करावे हाच मुळात त्यांचा विषय आहे.

स्मृतिव्याख्यान ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. आपल्या समाजाचे तर या प्रथेशी एक विशेष नाते आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मृतिव्याख्यान दिले. विषय होता, १९३५ च्या कायद्याने पुढे आणलेली संघराज्याची योजना. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ व्याख्यान ठेवले होते त्यांच्या गुणवर्णनात बाबासाहेबांनी वेळ घालवला नाही. त्या योजनेची कलमे त्यांनी एकेक करून तपासली आणि ही योजना देशाला स्वातंत्र्याकडे नेईल की त्यापासून दूर, याचा निवाडा श्रोत्यांपुढे ठेवला. पुढे चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या निमित्ताने त्याच पुण्यात ते पुन्हा उभे राहिले. रानडे यांच्याविषयी बोलता बोलता त्यांनी थोर पुरुष कशाने ठरतो, हा प्रश्न उकलला, रानड्यांच्या मोजमापाने त्या काळच्या दोन सर्वांत बलाढ्य नेत्यांना मोजले, आणि विभूतिपूजेविषयी स्पष्ट इशारा दिला. त्या भाषणावर टीकेचे मोहोळ उठले. त्या टीकेला त्यांनी भाषण छापताना प्रस्तावनेत उत्तर दिले.

या दोन व्याख्यानांतून आपल्याला एक वस्तुपाठ मिळतो. स्मृतिव्याख्यान म्हणजे तसबिरीला हार घालून केलेले गुणगान नव्हे. ज्याचे स्मरण करायचे, त्याने ज्या पद्धतीने जगाला प्रश्न विचारले, त्याच पद्धतीने आपल्या काळाला प्रश्न विचारणे, हे खरे स्मरण होय. रानड्यांचे स्मरण करताना बाबासाहेबांनी समाजसुधारणेचा प्रश्न जिवंत केला. ते केवळ रानड्यांचा जीवनक्रम सांगून खाली बसले असते, तर आज त्या भाषणाची कोणाला आठवणही राहिली नसती.

येथे कोणी म्हणेल, मग आपल्या जयंत्या, आपले धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपली अभिवादने ही सारी विभूतिपूजाच समजायची काय? हा आक्षेप बाहेरचे लोक आपल्यावर नेहमी घेतात. त्याला अत्यंत समर्थ उत्तर एका स्त्री अभ्यासकाने दिले आहे, आणि ते नाव आपल्या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. डॉ. शर्मिला रेगे या पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख होत्या. १३ जुलै २०१३ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. सवर्ण समाजातून आलेल्या या विदुषीने स्त्रीवादाला जातीचा प्रश्न विचारला आणि दलित स्त्रीच्या भूमिकेवरून समाजाकडे पाहण्याची दृष्टी विद्यापीठीय अभ्यासात रुजवली. बाबासाहेबांच्या लेखनातील ब्राह्मणी पितृसत्तेची चिकित्सा एकत्र आणून त्यांनी तिचे विवेचन केले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या जनसागराचाही त्यांनी अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधाचे म्हणणे थोडक्यात असे : हा जनसागर अविवेकी देवभक्तांचा नाही. तेथे विकल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिका, तेथे गायली जाणारी भीमगीते, तेथे होणाऱ्या चर्चा, यांतून एक पर्यायी लोकविद्यापीठ उभे राहते. ज्यांना प्रतिष्ठित सभागृहांची दारे बंद होती त्यांनी स्वतःचे सभागृह उघड्या मैदानावर बांधले.

बाबासाहेबांचा इशारा आणि रेगे यांचे निरीक्षण यांत विरोध नाही. दोन्ही एकत्र वाचली की एक कसोटी हाती येते. स्मरण जेथे लोकांना विचार करायला लावते तेथे ते लोकविद्यापीठ ठरते, आणि जेथे केवळ मान तुकवायला लावते तेथे ती विभूतिपूजा होते. आपली नियोजित व्याख्यानमाला या कसोटीवर उतरावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आता मी वाचकांना थोडे दूर नेणार आहे, परंतु परत नेरलाच आणणार आहे. भूगोल या विषयात जॅनिस मंक नावाच्या एका विदुषीचे नाव स्त्रीवादी अभ्यासाच्या प्रवर्तकांमध्ये घेतले जाते. जन्माने त्या ऑस्ट्रेलियन होत्या. पुढे शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या आणि ॲरिझोना विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ काम केले. डॉक्टरेटसाठी त्यांनी अभ्यास केला तो ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजाचा, म्हणजे गोऱ्यांच्या गावांच्या कडेला ढकलल्या गेलेल्या माणसांचा. १९८२ साली सुझन हॅन्सन यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. मानवी भूगोलातून मानवजातीचा अर्धा हिस्सा वगळू नका, अशी मागणी त्याच्या शीर्षकातच होती. भूगोलाच्या अभ्यासकांनी शेते मोजली, कारखाने मोजले, बाजारपेठा आणि रस्ते मोजले. पण पाण्याची वाट, सरपणाची वाट, चुलीपासून शेतापर्यंत आणि शेतापासून पाळण्यापर्यंतच्या दिवसभराच्या फेऱ्या कोणी मोजल्या? कामावर जाणारा माणूस म्हणजे पुरुष, असे गृहीत धरून काढलेला नकाशा हा अर्धाच नकाशा असतो, हे त्या निबंधाचे सार आहे. मंक यांच्या नावाने एक व्याख्यानमाला चालते. विशेष म्हणजे त्या हयात असतानाच ती सुरू झाली. त्या व्याख्यानांत मंक यांचे चरित्र सांगितले जात नाही. दर वेळी कोणी अभ्यासक स्वतःचे नवे संशोधन मांडतो किंवा मांडते आणि विषय एक पाऊल पुढे जातो.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सरस्वती राजू यांनी सहकाऱ्यांसह भारतातील स्त्री-पुरुषांच्या स्थितीचा एक नकाशासंग्रह तयार केला आणि तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. साक्षरता, काम, लोकसंख्येतील प्रमाण असे जनगणनेचे कोरडे आकडे त्यात नकाशावर उतरले, आणि मुलगी कोणत्या प्रदेशात जन्माला आली यावर तिचे आयुष्य किती अवलंबून असते, हे डोळ्यांना दिसू लागले.

इतिहासाच्या शिक्षकाने भूगोलात का लुडबुड करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या मुळाविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी जो पायाभूत प्रश्न विचारला तो भूगोलाचाच आहे : अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? कोण गावकुसाच्या आत आणि कोण बाहेर, यात त्यांनी सबंध इतिहास शोधला. पराभूत, पांगलेल्या माणसांना गावाच्या सीमेवर वसवले गेले आणि तेथूनच पुढची कहाणी सुरू झाली, अशी त्यांची उपपत्ती आहे. महाडचा सत्याग्रहही जागेचाच होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून जे ओंजळभर पाणी प्याले गेले, त्याने सार्वजनिक जागेचा नकाशा बदलला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले होते, हेही आपण विसरता कामा नये. कारण पाण्याचा प्रश्न कोणाच्या डोक्यावरच्या घागरीचा आहे, हे ते जाणत होते.

त्याहून मागे गेलो तर आपल्या धम्माच्या इतिहासातही एक वाट आहे. भिक्षुणी संघाची परवानगी मागण्यासाठी महाप्रजापती गौतमी कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत अनवाणी चालत गेल्या. विनयपिटकातील वर्णनाप्रमाणे पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, डोळ्यांत अश्रू, अशा अवस्थेत त्या दाराबाहेर उभ्या होत्या. आनंदाने त्यांना तेथे पाहिले आणि त्यांची बाजू तथागतांपुढे मांडली. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो आणि आनंदाच्या करुणेविषयी बोलतो. त्या चाललेल्या अंतराविषयी आणि त्या दाराविषयी मात्र क्वचितच बोलतो.

बाबासाहेबांनी विचारले, आपला समाज गावाबाहेर का? त्याच प्रश्नाची पुढची पायरी आपल्याला चढायची आहे : गावाबाहेरच्या त्या वस्तीत आपली स्त्री कुठे आहे? ती वस्तीच्या नकाशाच्या आत आहे की बाहेर?

हा प्रश्न मला पुस्तकाने नव्हे, आठवीच्या एका वर्गाने शिकवला. स्थानिक इतिहासाच्या पाठाला जोड म्हणून मी मुला-मुलींना आपापल्या गावाचा नकाशा आठवून काढायला सांगितले होते. मुलांच्या नकाशांत गावाची हद्द नेरच्या रस्त्यापर्यंत ऐसपैस पसरली होती. ग्रामपंचायत, पानठेला, क्रिकेटचे मैदान, कपाशीची वावरे, एसटीचा थांबा, पंचशील ध्वजाचा ओटा, सगळे ठसठशीत. मुलींचे नकाशे लहान होते, पण फार बारीक होते. हातपंप होता, कोणाच्या दारातून जायचे आणि कोणाच्या दारातून नाही हे होते, धुणे धुण्याचा नाला होता, शाळेची वाट होती. एका मुलीने नाल्याकाठच्या वाटेवर पेन्सिलीने लहान अक्षरांत लिहिले होते, 'सहा वाजेपर्यंत.' मी विचारले, म्हणजे काय? ती म्हणाली, "सर, मंग तिकून जात नाई आमी." त्या मुलीच्या गावात एक वाट रोज संध्याकाळी सहा वाजता नकाशातून पुसली जाते आणि पहाटे पुन्हा उमटते. कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात ही नोंद नाही. तिच्याच वर्गातल्या, तिच्याच वस्तीतल्या मुलाच्या नकाशात ती वाट चोवीस तास उघडी होती.

दुसरी आठवण प्रवेशाच्या दिवसांतली. लेकीला वसतिगृहात ठेवायला आलेल्या एका मातेला मी सहज विचारले, गावात सातवीपर्यंत शाळा आहे, एवढ्या लवकर दूर का ठेवता? ती म्हणाली, "पोरगी हुशार हाय माही, सर. पन रस्ता बरा नाई." शाळा बरी नाही, असे ती म्हणाली नाही. पैसा नाही, असेही म्हणाली नाही. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलींच्या शिक्षणाचे कारण या एका वाक्यात सामावले आहे, आणि ज्या मुली येथवर पोहोचल्याच नाहीत त्यांच्या न शिकण्याचे कारणही तेच आहे. गुणवत्तेच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, गळतीच्या अहवालात या रस्त्यासाठी रकाना नसतो.

आपल्या स्त्रियांनी हा भूगोल लिहून ठेवला आहे. आपण तो आत्मकथन म्हणून वाचतो आणि डोळे पुसून पुस्तक मिटतो, इतकेच. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' उघडावे. कोकणातल्या खेड्यातून डोंगरवाटा तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बायका तेथे भेटतात. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातील घरांच्या आतला अंधार आहे. आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये संस्कृतच्या वर्गापर्यंत पोहोचण्याची वाट आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली अशा लेखिकांची कथने इंग्रजीत एकत्र आणली, तेव्हा त्यांना केवळ दुःखाच्या कहाण्या न मानता त्यांनी समाजाविषयीच्या ज्ञानाचा दर्जा दिला. हे ज्ञान जागेचेही आहे, असे मी पुढे जाऊन म्हणेन. पाणवठा किती दूर, सावकाराचा वाडा कोणत्या वाटेवर, बाळंतपणाला कुठली खोली, हे त्या पानांवर आहे. आमच्या भूगोलाच्या तासाला ती पाने कधी उघडली जात नाहीत, हा दोष त्या लेखिकांचा नाही.

आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण इतरांना प्रश्न विचारायचे आणि स्वतःला वगळायचे, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आणि वर्षावासाच्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांच्या आयोजनात मी तीस वर्षांपासून आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिका मी जपून ठेवल्या आहेत. हा लेख लिहिण्यापूर्वी त्या काढून पाहिल्या. मुख्य वक्ता म्हणून आम्ही बोलावलेल्या स्त्रिया एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. सूत्रसंचालन, स्वागतगीत, त्रिसरण-पंचशील म्हणणे आणि पाहुण्यांच्या चहापाण्याची व्यवस्था यांत मात्र त्या प्रत्येक पत्रिकेत आहेत. आणि वेळ? बहुतेक पत्रिकांवर रात्री आठ लिहिले आहे, म्हणजे प्रत्यक्षात साडेनऊ. शेतमजुरीहून सहा वाजता परतलेली, स्वयंपाक आटोपून, लेकरे निजवून येणारी बाई साडेनऊला मंडपात पोहोचते. वक्ता तेव्हा प्रस्तावना करीत असतो. साडेदहाला ती उठते, कारण पहाटे पुन्हा वावरात जायचे असते. शेवटी आम्ही आयोजक आपसांत म्हणतो, महिला वर्ग गंभीर विषयाला थांबत नाही. हे वाक्य मी स्वतः म्हटलेले आहे. आज ते लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिणे आवश्यक आहे.

ज्या वेळेला बाई येऊ शकत नाही त्या वेळेला सभा ठेवणे, हीसुद्धा एक बंदीच आहे. तिला फलक लागत नाही. 'येथे प्रवेश नाही' असे लिहिलेल्या पाट्यांशी आपले पूर्वज लढले. न लिहिलेल्या पाट्या वाचण्याची तालीम आपल्या पिढीने घेतली पाहिजे.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, समाजापुढे नोकऱ्यांचे, आरक्षणाचे, अत्याचाराचे प्रश्न आ वासून उभे असताना व्याख्यानाच्या वेळेचा काथ्याकूट कशाला? मी विचारतो, ते प्रश्न सोडवणार कोण? निम्मा समाज निजायला गेल्यावर उरलेल्या निम्म्यांनी केलेल्या ठरावांनी ते सुटणार आहेत काय? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : स्त्रियांचा वेगळा प्रश्न काढला की चळवळीत फूट पडते आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या वस्त्यांची बदनामी करायला टपलेले लोक आहेतच. परंतु याचे उत्तर १९४२ सालीच मिळालेले आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची पायाभरणी तेथेच झाली. चळवळीच्या एकजुटीचा तो परमोच्च क्षण होता, आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच ठिकाणी, २० जुलै रोजी स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्यापुढे बोलले. एखाद्या समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून आपण मोजतो, या आशयाचे त्यांचे विचार त्या सभेतलेच आहेत. एकजुटीच्या ऐन घडीला त्यांना स्त्रियांची वेगळी सभा फूट पाडणारी वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

त्या महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. अमरावती म्हणजे आपल्या नेरहून एसटीने अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोगे शहर. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, कष्टकरी स्त्रियांच्या कामाच्या अटी, असे ठराव त्या परिषदेने केले. त्यांत मुलींच्या शिक्षणासाठी वसतिगृहांची मागणीही होती. हिंदू कोड बिलावरची वादळे उठायला अद्याप काही वर्षे होती, तेव्हा वऱ्हाड-नागपुराकडच्या आपल्या आज्या-पणज्या हे ठराव हात वर करून मंजूर करीत होत्या. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहून या स्त्रियांना विस्मृतीतून बाहेर काढले, नसता त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नसती. माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात ती नव्हती. इतिहासाचा पदवीधर होऊन नोकरीला लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, मी ती वाचली.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या व्याख्यानमालेला सुलोचनाबाई डोंगरे यांचे नाव द्यावे. बाबासाहेब, महात्मा फुले, शाहू महाराज यांच्या नावाने व्याख्यानमाला असू नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या आहेत आणि राहाव्यात. पण ज्या परिषदेने मुलींसाठी वसतिगृहे मागितली, तिच्या अध्यक्षेचे नाव मुलींचे वसतिगृह चालविणाऱ्या शाळेने उच्चारू नये, ही गोष्ट मनाला पटत नाही.

नाव दिले म्हणजे काम झाले असेही नाही. सुरुवातीला विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी माझ्या परीने देतो. कुणासाठी? व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी नव्हे, तर विद्यार्थिनी आणि त्यांच्या माता यांच्यासाठी. वक्ता पुरुष असू नये असा माझा आग्रह नाही, पण पहिली काही वर्षे वक्त्या स्त्रियाच असाव्यात, आणि त्या केवळ विद्यापीठातील असाव्यात असेही नाही. ज्या आशाताई, अंगणवाडीसेविका, बचत गटाच्या कार्यकर्त्या रोज गावांच्या वाटा तुडवतात, त्यांना या तालुक्याचा जो भूगोल ठाऊक आहे तो कोणत्याही प्राध्यापकाला नाही. एका वर्षी अभ्यासकाने बोलावे, दुसऱ्या वर्षी अशा जाणकार स्त्रीने.

कुठे? पहिले व्याख्यान शाळेच्या सभागृहात खुशाल व्हावे. त्यानंतर ते दरवर्षी तालुक्यातील एका वस्तीत, विहाराच्या अंगणात जावे. व्यासपीठ उंच नसावे. महिलांना एका बाजूला मागे बसविण्याची पद्धत त्या दिवशी तरी मोडावी. आणि किती वाजता? सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी यांचे दिवस टाळून, रविवारी दुपारी. त्या दुपारी चहा आणि स्वयंपाक माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे पुरुषांनी करावा. यात हसण्यासारखे काही नाही. एका दुपारचा स्वयंपाक हातून घडल्याशिवाय आपल्याला घड्याळाचा अर्थ कळणार नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक व्याख्यान छापून दहा-वीस रुपयांची पुस्तिका काढावी आणि ती दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांपर्यंत पोहोचवावी, म्हणजे आपण त्या लोकविद्यापीठात आपली एक वीट लावली असे होईल. आणि व्याख्यानाला जोडून दरवर्षी आठवी-नववीच्या मुला-मुलींनी आपल्या गावाचे नकाशे काढावेत. ते भिंतीवर लावून तेवढ्यावर थांबू नये. ते नकाशे घेऊन विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी ग्रामसभेत जावे आणि विचारावे : या वाटेवर दिवा कधी लागणार? हा हातपंप कधी दुरुस्त होणार? शाळा सुटण्याच्या वेळेला एसटी का नाही? स्मृतिव्याख्यानाचे फलित एखाद्या विजेच्या खांबाच्या रूपाने उभे राहिले, तर सुलोचनाबाईंचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.

ज्या मुलीने नकाशात 'सहा वाजेपर्यंत' असे लिहिले होते, ती आता आपल्या शाळेतून बाहेर पडून पुढे शिकते आहे. सुट्टीत गावी जाताना ती भेटून जाते. मागच्या खेपेला मी विचारले, नाल्याच्या वाटेचे काय? ती म्हणाली, "तशीच हाय, सर." तिच्या धाकट्या बहिणीचा अर्ज यंदा आपल्या वसतिगृहाकडे आला आहे. कारणाच्या रकान्यात पालकांनी 'शिक्षणासाठी' असे लिहिले आहे.